बाहेर-जा बाई

बाईंच्या तोंडचा पहिला शब्द ‘या’ नसायचा, ‘बसा’ही नसायचा. ‘बाहेर जा’ असायचा. पालघरला रजिस्टर ऑफिसच्या अंगाला, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी त्यांची आठ बाय दहाची खोली होती. कुणी म्हातारं माणूस दस्त करायला आलं की बाई त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. सोबत आलेल्या मुलाकडे, सुनेकडे, जावयाकडे, जो कोण असेल त्याच्याकडे चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “तुम्ही बाहेर जा. समोर चहा बरा मिळतो.” आवाज कधी चढवला नाही, पण दार मात्र स्वतः उठून लावायच्या आणि आतून कडी घालायच्या. पालघरपासून बोईसरपर्यंत सगळे त्यांना बाहेर-जा बाई म्हणत. दारावरच्या पाटीवर नाव होतं ते त्यांच्या नवऱ्याचं, ‘दस्तलेखक’ म्हणून. नवरा गेल्यावर खुर्चीत बाई बसल्या, पाटी बदलायची राहून गेली ती राहिलीच.

मलाही त्यांनी असंच बाहेर काढलं होतं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या आज आठवल्या तरी कान गरम होतात. माझं डोकं मुळात तापट. आम्ही कुंभवलीचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली. मग कारखान्यानं पाळ्या कमी केल्या आणि पन्नाशीकडे झुकलेल्या आम्हा सगळ्यांना एकदमच नारळ दिला. त्याच सुमाराला केळव्याच्या यमुआत्याच्या वाडीचा विषय निघाला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नारळी-पोफळीची वाडी, मधे कौलारू घर, ओटीवर झोपाळा. माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होतो; पुढची दोन वर्षं आत्यानं मला त्याच घरात वाढवलं. भरवलं, झोडपलं, पाढे पाठ करून घेतले. त्यामुळे ते घर मला आधीपासूनच आपलं वाटायचं, हे खरं सांगायला हवं.

हल्ली शनिवार-रविवारी मुंबईची माणसं केळव्याला लोटतात. घरोघरी राहायच्या खोल्या काढल्यात. म्हटलं, आपणही काढू. बँक म्हणाली, कर्ज हवं तर जागा नावावर हवी. आत्या म्हणाली, “घे की. मी काय डोक्यावर घेऊन जातेय? तुलाच हाय ती.” इतकं साधं-सरळ सगळं होतं. फक्त बक्षीसपत्र लिहायचं बाकी होतं, आणि कुणीतरी शहाण्यानं आम्हाला बाईंकडे पाठवलं.

“तुम्ही बाहेर जा,” बाई मला म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग आला की माझी शाळेतली मराठी पळून जाते आणि घरची बाहेर येते. “का म्हणून? आमी काय चोर हाय?”

“आज नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण दस्त आजसाठी लिहीत नसतात. जा, चहा घ्या.”

तीन चहा झाले, एक वडापाव झाला, टपरीवाल्याशी भांडणही झालं, तरी दार उघडेना. पाऊण तास! आत काय चाललं होतं, ते मला पुढे कितीतरी वर्षांनी आत्यानंच सांगितलं. बाईंनी आधी तिला पाणी दिलं आणि विचारलं, “काय करायला आलात? वकिली शब्द नकोत, तुमच्या शब्दांत सांगा.” आत्यानं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “बाकीचे लिहितात, ‘देणार यांचा आजन्म सांभाळ करावा.’ मी तसं लिहीत नाही. सांभाळ हा शब्द रिकाम्या पोत्यासारखा आहे, कोणीही त्यात काहीही भरतं. तुमच्या पोत्यात काय भरायचं ते सांगा.” आत्या हसली. म्हणाली, सांभाळ म्हणजे सांभाळ, आणखी काय? पण बाई हलल्या नाहीत. तेव्हा आत्या विचार करकरून एकेक सांगू लागली. पूर्वेची खोली माझी. ओटीवरचा झोपाळा माझा. सकाळी गुळाचा चहा. पानाचा डबा रिकामा ठेवायचा नाय, पानं आपल्याच वाडीतली, बाजारची नाय. बाई लिहीत गेल्या. शेवटी पेन थांबवून त्यांनी विचारलं, “घरात पाहुणे येणार म्हणता. मग शनिवारी तुम्ही कुठे?”

“शनिवारी?” आत्या म्हणाली, “शनिवारी पण तितंच.”

आणि बाईंनी लिहिलं, ‘शनिवार, रविवार व सुट्टीचे दिवस धरून.’

मला आत बोलावलं तेव्हा बाईंनी अख्खा दस्त मोठ्यानं वाचून दाखवला. ही त्यांची दुसरी खोड. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पूर्वेस अमुक यांची वाडी, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस विहीर, सगळं. कुणी म्हणालं, “राहू द्या हो बाई, तेवढं गाळा,” तर म्हणायच्या, “गाळायचा तो चहा. दस्त नाही.” मीही ऐकायला बसलो होतो, नाही असं नाही. पण तेवढ्यात फरशीवाल्याचा फोन आला. बाथरूमच्या टाइल्सचा भाव मला नीट कळला, आत्याच्या अटी कळल्या नाहीत. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि मोकळा झालो. मी शेण खाल्लं ते तिथूनच.

त्या दिवशी रजिस्टर ऑफिसात आमच्या पुढे किनाऱ्यावरची एक कोळीणबाई होती. सत्तरीची, जन्मभर मासळी साफ करून आणि जवळा सुकवून हात झिजलेले. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणे पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा. तिचा मुलगा वैतागला. त्यानं आईचं मनगट धरलं आणि अंगठा स्वतःच काचेवर दाबायला लागला. बाई आमच्या दस्तासाठी मागे उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन त्या मुलाच्या हातावर हातातली फाइल फटकन मारली. “अंगठा ज्याचा, दाब त्याचा!” सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मग पर्समधून खोबरेल तेलाची लहानशी बाटली काढली, म्हातारीचा अंगठा पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला, आणि म्हणाल्या, “मावशी, आता तुम्हाला द्यायचं असेल तर दाबा. नसेल द्यायचं तर घरी जाऊ.” म्हातारीनं क्षणभर मुलाकडे बघितलं आणि हसत दाबला. मशीननं घेतला. मुलगा बिचारा वाईट नव्हता, नुसता घाईत होता. पण बाईंना घाईचाच राग.

पुढे एकदा बोईसरहून एक इसम सासऱ्याला घेऊन आला होता, मुखत्यारपत्र करायला. सासरा सारखा मान खाली घालून बसलेला. जावई म्हणाला, “मॅडम, बुढ्ढा आदमी है, उसको क्या समझता है. जल्दी करो.” बाई म्हणाल्या, “समझता नहीं है तो अंगूठा किस काम का?” आणि त्यांनी ते काम घेतलंच नाही. जावई दुसरीकडे गेला असेल, दुसऱ्यानं करूनही दिलं असेल. मी एकदा बाईंना तसं म्हणालोही, की तुम्ही नाही म्हटल्यानं काय फरक पडतो? तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “म्हातारं झालं म्हणून अक्कल जात नाही हो. पण चारी बाजूंनी घरचे उभे राहिले की ती चालवायला जागा उरत नाही. मी पाऊण तास जागा करून देते. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.”

आणखी एक. दस्त नोंदवून झाला की बाई त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हातारीच्या हातात द्यायच्या आणि बजावायच्या, “ही घरात ठेवायची नाही. शेजारणीकडे द्या. जो कागद ज्याच्याविरुद्ध लागायचा, तो त्याच्याच कपाटात कोण ठेवतं?” आमच्या आत्याची पिशवी शेजारच्या ताराकाकीच्या तांदळाच्या डब्यात गेली. मला पत्ताच नाही.

खोल्या झाल्या. छान झाल्या. पांढऱ्या टाइल्स, गरम पाण्याचा गिझर, दारात ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी. माझी बायको सुनीता सुरमई अशी तळते, की एकदा आलेला माणूस पुन्हा येतोच. आत्या झोपाळ्यावर बसून पान लावत येणाऱ्या-जाणाऱ्याला “कुठून आलात? जेवलात?” करायची.

पहिल्यांदा झालं ते अगदी साधं. बोरिवलीचे दहाजण येणार होते, ते बाराजण आले. खोली कमी पडली. म्हटलं, “आत्या, एक रात्र मागच्या मोटरच्या खोलीत झोपशील?” मोटरची खोली म्हणजे विहिरीवरच्या पंपाची. चांगली कोरडी होती, पंखा लावून दिला, गादी नवी घातली. आत्या म्हणाली, “झोपेन की. त्यात काय!” मग पुढच्या शनिवारी तेच. मग दर शनिवारी-रविवारी. मग सोमवारी पुन्हा सामान हलवायचा कंटाळा. तिची ट्रंक तिकडेच राहिली. झोपाळ्यावर पाहुण्यांना फोटो काढायचे असत, म्हणून आत्या आपली उठून विहिरीच्या कट्ट्यावर बसायला लागली. पान बाजारचं आणायला लागलो, कारण वाडीतल्या पानवेली काढून तिथे गाड्या लावायला जागा केली होती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, डॉक्टर वेळेवर. कुणी विचारलं असतं, तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की आत्याला मी फुलासारखी ठेवलीय. सुनीता दोनदा म्हणाली, “अहो, बरं दिसत नाही.” मी म्हटलं, “तू गप बस, तिला काय त्रास हाय?” आणि आत्या स्वतःहून तोंड उघडणाऱ्यातली नव्हती.

बाईंची अजून एक खोड मला तेव्हा माहीत नव्हती. ज्या म्हाताऱ्या माणसांचे दस्त त्यांनी लिहिले, त्यांना त्या वर्षातून दोनदा फोन करत, गुढीपाडव्याला आणि दिवाळीला. फीमध्ये हे बसत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. आत्याकडे बटणांचा जुना फोन होता, त्यावर दिवाळीत बाईंचा फोन आला. बाई ‘कशा आहात’ असं विचारत नसत. म्हणायच्या, “त्याला सगळे ‘बरी आहे’च म्हणतात.” त्या आधी विचारायच्या, “जवळ कोण आहे? त्याला बाहेर पाठवा.” आणि मग विचारायच्या, “कुठे बसून बोलताय?”

आत्या म्हणाली, “मोटरच्या खोलीत.”

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास एक साडीतली म्हातारी केळवे रोड स्टेशनहून रिक्षानं आमच्या दारात उतरली. मी ओळखलंच नाही. पाहुण्यांची गडबड चालू होती, सुनीता आत मासे तळत होती. म्हातारी म्हणाली, “मला एक खोली हवी. पूर्वेची.”

“बुक हाय,” मी म्हटलं.

“कोणाच्या नावावर?”

“बोरिवलीचे पाहुणे.”

“माझ्याकडच्या कागदावर दुसरंच नाव आहे,” म्हातारी म्हणाली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मला तीन चहा आणि वडापाव आठवला.

बाई झोपाळ्याकडे गेल्या. तिथे एक पाहुणी सेल्फी काढत होती, तिला म्हणाल्या, “जरा उठता का? मालकीणबाईंना बसायचंय.” मग मागे जाऊन आत्याला हाताला धरून घेऊन आल्या, झोपाळ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. पिशवीतून दस्त काढला आणि वाचायला सुरुवात केली. पाहुणे, पाहुण्यांची पोरं, कुंपणावरून ताराकाकी, सगळे ऐकताहेत. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. मी म्हटलं, “बाई, आत चला, आत बोलू.” त्यांनी ऐकलंच नाही. पूर्वेची खोली. झोपाळा. गुळाचा चहा. वाडीतलीच पानं. शनिवार, रविवार व सुट्टीचे दिवस धरून. खाली माझी सही. मी ते सगळं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि खाली सही माझी होती!

“दिनेशराव,” बाई म्हणाल्या, “ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याचं तेविसावं कलम आहे. साठीच्या पुढच्या माणसानं सांभाळण्याच्या अटीवर जागा दिली आणि घेणाऱ्यानं अट मोडली, तर तो दस्त फसवून घेतला असं धरतात. देणाऱ्यानं तसं म्हटलं, तर रद्द होतो. वकील लागत नाही. साध्या कागदावर प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचा. अर्ज मी लिहून आणलाय.”

‘फसवून’ हा शब्द माझ्या वर्मी लागला. “मी फसवलं नाय! तुमी कोन मला फसवणारा म्हणणाऱ्या? चौथीपासून माझी आई हाय ती! मी काय मुद्दाम केलं?”

“मुद्दाम केलं असं मी कुठे म्हटलं?” बाईंचा आवाज तसाच. “कायदा तुमच्या मनात डोकावत नाही. झोपाळ्यावर कोण बसलंय तेवढं बघतो.”

मग त्या उठल्या, मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर जा.”

माझ्याच घरातून! पण ते माझं होतं की नाही, तेच तर आता आत ठरणार होतं. बाईंनी आत्याला तिच्या पूर्वेच्या खोलीत नेलं, बोरिवलीच्या बॅगा बाहेर ठेवल्या आणि कडी घातली.

मी वाडीत जाऊन उभा राहिलो, पोफळीच्या रांगेत. डोकं नुसतं भणभणत होतं. कर्ज बँकेचं, खोल्या कर्जाच्या, आणि एक सही झाली की सगळं पाण्यात. आधी बाईंना शिव्या दिल्या. मग ताराकाकीला. मग आत्यालाही एक दिली, आणि दिल्याबरोबर जीभ चावली. जिथे गाड्या लागल्या होत्या तिथे पूर्वी पानवेल होती. लहानपणी आई आठवून मी रडायला लागलो, की आत्या मला तिथेच आणून बसवायची, पानं खुडायला लावायची, म्हणायची, “रड, पण हात चालू ठेव.” ती जागा मी सिमेंटची केली होती. खरं सांगतो, तेव्हा मला कर्ज आठवेनासं झालं. तिनं जागा परत घेतली तर ती बरोबर असेल, एवढं एकच डोक्यात राहिलं, आणि त्या पोफळीच्या बुंध्याला टेकून मी पन्नाशीचा माणूस हुंदके देऊन रडलो.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आत्या झोपाळ्यावर येऊन बसली. म्हणाली, “दिन्या, सही केलीय मी अर्जावर. तारीख नाय घातली. कागद ताराकडे राहील. घालायची का नाय तारीख, ते दर शनिवारी बघेन.”

बाईंनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की काय कोण जाणे.

त्या रात्री बोरिवलीकरांना मी आमची खोली दिली, आणि मोटरच्या खोलीत मी आणि सुनीता झोपलो. पंखा फिरत होता, गादी नवी होती, सगळं मी आत्याला सांगितलं होतं तसंच होतं. फक्त पंप सुरू झाला की भिंत थरथरायची. सुनीता अंधारात म्हणाली, “सहा महिने झोपली ती इथे.”

सिमेंट फोडून पानवेली पुन्हा लावल्या. गाड्यांना शेजारच्या पडीक जागेत सोय केली. आणि गंमत बघा, शनिवारी झोपाळ्यावर आत्या बसायला लागली तशी माणसं तिच्यासाठी यायला लागली. ती पान लावायला शिकवायची, बोरिवलीच्या पोरांकडून सतरा-अठराचे पाढे म्हणून घ्यायची, चुकलं की चापट द्यायची. आई-बाप खूश! दर शनिवारी सकाळी मी गुळाचा चहा घेऊन गेलो, की आत्या कुंपणाकडे बघून मोठ्यानं विचारायची, “तारा, कागद हाय ना गं?” ताराकाकी तिकडून ओरडायची, “हाय, हाय!” आणि दोघी खिदळायच्या. मीही हसायला शिकलो. सहा वर्षं आत्या अशी राणीसारखी राहिली आणि एका शनिवारीच, पूर्वेच्या खोलीत गेली. तेराव्यानंतर ताराकाकीनं पिशवी आणून दिली. अर्जावर आत्याची वळणदार सही होती आणि तारखेची जागा कोरी होती. तो कागद मी माझ्या कपाटात ठेवलाय, माझ्याविरुद्धचा असला तरी.

बाईंशी मग माझं जमलं ते कायमचं. वाडीतले नारळ, पानं घेऊन पालघरला गेलो की त्यांच्याकडे चक्कर ठरलेली. कारखान्यातले निवृत्त झालेले जुने सोबती, कुणाचे आईवडील, कुणाची विधवा मावशी, सगळ्यांना मी बाईंकडे घेऊन गेलो, आणि दर वेळी बाईंनी सांगायच्या आधीच बाहेर जाऊन चहा प्यालो. टपरीवाल्याशी आता माझी दोस्ती आहे.

पण काचबिंदूनं बाईंचे डोळे गेले. आधी दस्त नाकाला लावून वाचायच्या, मग भिंग घेऊन, मग दुसऱ्याकडून. खोली बंद केली. त्यांचा एकुलता मुलगा प्रसाद पुण्याहून आला. आईला घेऊन जायचं, पालघरचं घर आपल्या नावावर करून विकायचं आणि तिकडे मोठी जागा घ्यायची, असं ठरलं. मुलगा चांगला, सरळ. मला बाईंचा फोन आला, “दिनेशराव, ओळख पटवायला साक्षीदार म्हणून या.”

गेलो. त्या दिवसापुरती बाईंनी जुनी खोली उघडली होती, दस्त टाइप होऊन आला होता. दीड पानाचा. मी आता शहाणा झालेला, अख्खा वाचला. मग पुन्हा वाचला.

“बाई, अट कुठाय?”

“कसली अट?”

“सांभाळाची.”

बाई चिडल्या. माझ्यावर अशा चिडलेल्या मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “पोटच्या मुलाला अट कसली घालायची? माझा प्रसाद काय चोर आहे?”

हेच. हेच वाक्य त्या खोलीत रोज कुणी ना कुणी बोलायचं. मी स्वतः बोललो होतो. मी उठलो आणि म्हटलं, “प्रसाद, तू बाहेर जा. समोर चहा बरा मिळतो.”

प्रसादनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूट गेला. मी दार लावलं. कडी घातली.

“आगाऊ आहात,” बाई म्हणाल्या.

“आहे. बाई, सांभाळ म्हणजे काय ते सांगा. पोत्यात काय भरायचं?”

दुसऱ्यांच्या मनातलं इतकी वर्षं काढून काढून लिहिलं, पण स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं. हात मांडीवर, बोटं सारखी पदराशी चाळा करताहेत. शेवटी म्हणाल्या, “माझ्या खोलीला कडी हवी. आतून.” मी लिहिलं. मग त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “खुर्ची खिडकीशी. उजेड दिसत नाही, पण ऊन कळतं.” मी लिहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “आणि मला रोज पेपर वाचून दाखवायचा. मोठ्यानं. काही न गाळता.” आणि त्यांच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दुसरीकडे बघितलं. माझंही बरं चाललेलं नव्हतं.

प्रसाद आत आला, त्यानं कागद वाचला. म्हणाला, “आई, अगं हे नुसतं सांगितलं असतंस तरी…”

“नुसतं सांगता येत नाही रे,” बाई म्हणाल्या, “म्हणून तर हा धंदा चालतो.”

नवीन दस्त टाइप झाल्यावर प्रसादनंच तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. पूर्वेस-पश्चिमेस आलं तशी त्यानं उडी मारली. बाई म्हणाल्या, “गाळू नकोस.” तो मागे गेला आणि सगळं वाचलं. सहीच्या वेळी त्यानं आईचा हात धरायला हात पुढे केला आणि मधेच थांबला. मग टेबलावरची फूटपट्टी घेतली, सहीच्या ओळीखाली धरली आणि आईचं बोट पट्टीला लावून दिलं. बाईंनी पट्टीवरून चाचपडत आपली आपण सही केली. थोडी तिरकी आली, पण दाब त्यांचाच होता. निघताना त्यांनी मला ती खोबरेल तेलाची बाटली दिली. म्हणाल्या, “आता तुम्ही ठेवा. कुणाला तरी लागेल.” आणि लागते. आठवड्यातून एकदा मी रजिस्टर ऑफिसच्या बाकड्यावर जाऊन बसतो. कुणी म्हातारं दिसलं की पाणी विचारतो आणि सोबतच्याला चहाला पाठवतो. लोक वाकड्या नजरेनं बघतात, बघोत.

आता पाडव्याला आणि दिवाळीला फोन मी करतो. या दिवाळीलाही केला.

“बाई, जवळ कोण आहे?”

“प्रसाद आहे.”

“त्याला बाहेर पाठवा.”

तिकडून त्याचं हसणं ऐकू आलं, मग पावलं, मग दार, आणि मग खट्ट करून कडी लागली. ती कडी ऐकून मला फार बरं वाटलं.

“कुठे बसून बोलताय?”

“खिडकीशी. ऊन गुडघ्यापर्यंत आलंय. सकाळी पेपर झाला, बाजारभावासकट.”

“आणि शनिवारी?” मी विचारलं. “शनिवारी कुठे असता?”

बाई हसल्या. मग आत्याच्या आवाजात, आत्याच्याच हेलात म्हणाल्या,

“शनिवारी पण तितंच.”